कर्जाचा हप्ता, व्याज आणि रोजचे व्यवहार: नोंदी कशा कराव्यात

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. व्यवसायासाठी आपण ६,००,००० चे कर्ज दरसाल १२ टक्के व्याजाने, २४ समान मासिक हप्त्यांत फेडण्याच्या बोलीवर घेतले. कर्ज देणाऱ्या संस्थेने प्रक्रिया शुल्कापोटी १२,००० कापून घेतले आणि ५,८८,००० आपल्या बँक खात्यात जमा केले. आपण कर्ज खात्यावर ५,८८,००० एवढीच रक्कम जमा धरली आणि नंतर भरलेले २८,२४४ चे तीन हप्ते ‘कर्ज हप्ता’ या नावाने खर्चात टाकले. आता वर्ष संपताना नफा अपेक्षेपेक्षा बराच कमी दिसतो आणि संस्थेच्या उताऱ्यातील बाकी आपल्या वहीशी जुळत नाही. शिवाय उधार खरेदी, आगाऊ रकमा आणि सूट यांच्या नोंदींविषयीही आपल्याला शंका आहेत.

यातील मुख्य मुद्दा आधी सांगतो. हप्त्यातील मुद्दलाचा भाग खर्च नसतो. मुद्दल परत केल्याने देणे कमी होते आणि बँकेतील शिल्लकही तेवढीच कमी होते, त्यामुळे व्यवसाय त्या व्यवहाराने गरीबही होत नाही आणि श्रीमंतही होत नाही. दुसऱ्याचा पैसा वापरल्याबद्दल दिलेला मोबदला, म्हणजे व्याज आणि कर्ज मिळवण्यासाठी आलेले शुल्क, हाच खरा खर्च असतो. आणि तो ज्या काळात पैसा वापरला त्या काळाचा असतो, मग रक्कम त्या काळात भरली असो वा नसो. पुढील सर्व नोंदी या दोन वाक्यांतूनच निघतात.

कर्जाकडे वळण्यापूर्वी रोजच्या व्यवहारांविषयी लिहितो, कारण तिथे सवय पक्की असेल तर कर्जाच्या नोंदी कठीण वाटत नाहीत. प्रत्येक व्यवहारात काहीतरी येते आणि त्याबदल्यात काहीतरी जाते किंवा देणे निर्माण होते. मालमत्ता आणि खर्च वाढले की ते खाते नावे होते, म्हणजे रक्कम खात्याच्या डाव्या बाजूला लिहितात. देणी, भांडवल आणि उत्पन्न वाढले की ते खाते जमा होते, म्हणजे रक्कम उजव्या बाजूला लिहितात. कमी झाले की उलट. रोजकीर्दीत, म्हणजे व्यवहार तारखेवार लिहिण्याच्या वहीत, नोंद लिहिण्यापूर्वी समोर प्रमाणक, म्हणजे व्यवहाराचा पुरावा असलेला कागद, ठेवावे आणि स्वतःला विचारावे की व्यवसायाकडे नेमके काय आले, त्यासाठी काय गेले आणि हा व्यवहार कोणत्या तारखेला पूर्ण झाला. यातील तिसरा प्रश्न बहुतेकजण विसरतात. माल ताब्यात आला त्या दिवशी खरेदी झाली. पैसे महिन्याने दिले तरी खरेदीची तारीख बदलत नाही. म्हणून उधार खरेदीच्या दिवशी खरेदी खाते नावे आणि धनकोचे, म्हणजे ज्याचे पैसे देणे आहे त्याचे, खाते जमा करावे, आणि पैसे देताना धनकोचे खाते नावे आणि बँक खाते जमा करावे. पैसे दिले तेव्हाच खरेदी लिहिण्याची सवय असेल, तर वर्षअखेरीची देणी वहीत दिसतच नाहीत आणि नफा फुगलेला दिसतो.

ग्राहकाकडून माल देण्यापूर्वी आलेली आगाऊ रक्कम विक्री नसते. तोपर्यंत व्यवसाय त्या ग्राहकाला माल देणे लागतो, म्हणून ती देण्यांत दाखवावी आणि माल दिल्यावरच विक्री खात्याकडे न्यावी. त्याचप्रमाणे आपण पुरवठादाराला दिलेली आगाऊ रक्कम खरेदी होत नाही, ती येण्यांत राहते. मालकाने घरखर्चासाठी काढलेली रक्कम उचल खात्यावर नावे टाकावी. ती खर्चात मिसळली की व्यवसाय चांगला चालला आहे की नाही, हे वहीतून कधीच कळत नाही. यंत्राची नेहमीची डागडुजी खर्चात जाते, पण ज्या कामामुळे यंत्राचे आयुष्य किंवा क्षमता वाढते त्याची रक्कम यंत्राच्या किमतीत मिळवतात आणि मग घसाऱ्यातून, म्हणजे वापरामुळे किमतीत दरवर्षी होणाऱ्या घटीतून, हळूहळू खर्चात येते.

सुटीच्या बाबतीत दोन प्रकार वेगळे ओळखावे लागतात. बीजकातच वजा होऊन आलेली व्यापारी सूट वहीत लिहायची नसते. निव्वळ रक्कम हीच खरेदीची किंमत धरायची. मुदतीआधी पैसे दिल्याबद्दल मिळणारी रोख सूट मात्र पैसे देताना वेगळी नोंदवण्याची प्रथा आहे: धनको खाते पूर्ण रकमेने नावे, बँक खाते प्रत्यक्ष दिलेल्या रकमेने जमा आणि मिळालेली सूट जमा.

या रोख सुटीपाशी जरा थांबायला हवे, कारण कर्जाच्या खर्चाची सुरुवात पुष्कळदा इथेच होते आणि ती कोणाच्या लक्षात येत नाही. समजा पुरवठादाराची अट अशी आहे की १० दिवसांत पैसे दिल्यास २ टक्के सूट, नाहीतर ३० दिवसांत पूर्ण रक्कम. १०० च्या बीजकावर दहाव्या दिवशी ९८ देता येतात. ते न देता तिसाव्या दिवशी १०० दिले, तर ९८ ही रक्कम आणखी २० दिवस वापरण्यासाठी आपण २ मोजले. २ भागिले ९८ म्हणजे २.०४ टक्के, वीस दिवसांचा हा दर वर्षाच्या ३६५ दिवसांवर नेला, तर तो सुमारे ३७ टक्के होतो. बँकेचे १२ टक्क्यांचे कर्ज महाग वाटते म्हणून जो व्यावसायिक पुरवठादाराची उधारी शेवटच्या दिवसापर्यंत ताणतो, तो प्रत्यक्षात त्याच्या तिप्पट दराने पैसा वापरत असतो, आणि हा खर्च व्याज खात्यात कुठेही दिसत नाही. म्हणून खरेदीची नोंद करताना सुटीची मुदत बीजकावरून वहीत उतरवून ठेवण्याचा मी प्रत्येकाला आग्रह करतो. याउलट, उशिरा पैसे दिल्याबद्दल पुरवठादाराने स्वतंत्र व्याज आकारले, तर ते मालाच्या किमतीत मिसळू नये. तो पैसा वापरण्याचा खर्च आहे आणि त्याची जागा व्याज खात्यातच आहे.

आता आपल्या कर्जाकडे येऊ. कर्ज मिळाले त्या दिवशी देणे ६,००,००० चे निर्माण झाले, कारण परतफेड त्याच रकमेची करायची आहे आणि व्याजही त्याच रकमेवर आकारले जाणार आहे. हातात ५,८८,००० आले म्हणून देणे कमी होत नाही. म्हणून नोंद अशी हवी होती: बँक खाते ५,८८,००० ने नावे, ‘कर्ज शुल्क, पुढील काळासाठी’ अशा नावाचे खाते १२,००० ने नावे, आणि कर्ज खाते ६,००,००० ने जमा. हे शुल्क दोन वर्षांच्या कर्जासाठी दिले आहे, म्हणून ते पहिल्याच महिन्यात संपूर्ण खर्चात टाकणे योग्य नाही. २४ महिन्यांत समान वाटले, तर दरमहा ५०० खर्च पडतो.

काटेकोर पद्धतीत हे वाटप समान नसते. आंतरराष्ट्रीय वित्तीय अहवाल मानक ९ प्रमाणे असे कर्ज सुरुवातीला शुल्क वजा करून, म्हणजे ५,८८,००० ला, दाखवतात आणि नंतर प्रभावी व्याजदराने खर्च मोजतात. २८,२४४ चे २४ हप्ते ज्या दराने आजच्या ५,८८,००० एवढे होतात तो हा दर. आपल्या उदाहरणात तो दरमहा सुमारे १.१७ टक्के, म्हणजे दरसाल सुमारे १४ टक्के येतो. कागदावर १२ टक्क्यांचे असलेले कर्ज शुल्कामुळे प्रत्यक्षात १४ टक्क्यांना पडले आहे, हे मालकाने जाणून घ्यावे यासाठी तरी हा हिशेब एकदा करावा. पहिल्या महिन्याचा खर्च या पद्धतीने सुमारे ६,८८० येतो, तर व्याज ६,००० आणि शुल्काचा समान भाग ५०० मिळून ६,५०० होतो. फरक एवढा लहान असताना छोट्या व्यवसायाने समान वाटप केले तर माझा आक्षेप नसतो. ज्या संस्थेवर ते मानक बंधनकारक आहे तिला मात्र, फरक नगण्य नसेल तर, ही मोकळीक नाही. व्यवहारात मी कर्ज खाते ६,००,००० वरच ठेवायला आणि शुल्काचे खाते वेगळे ठेवून ताळेबंदात कर्जातून वजा दाखवायला सांगतो, म्हणजे वहीतील बाकी संस्थेच्या उताऱ्याशी थेट जुळवता येते.

हप्त्याची फोड अशी होते. पहिल्या महिन्यात ६,००,००० वर १ टक्का, म्हणजे ६,००० व्याज; हप्ता २८,२४४ आहे, म्हणून २२,२४४ मुद्दलात गेले आणि बाकी ५,७७,७५६ राहिली. दुसऱ्या महिन्यात या बाकीवर ५,७७८ व्याज, २२,४६६ मुद्दल, बाकी ५,५५,२९०. तिसऱ्या महिन्यात ५,५५३ व्याज, २२,६९१ मुद्दल, बाकी ५,३२,५९९. हप्ता तोच राहतो, पण त्यातील व्याज दरमहा घटते आणि मुद्दल वाढते. पहिल्या हप्त्याची नोंद म्हणून अशी: कर्ज खाते २२,२४४ ने नावे, व्याज खाते ६,००० ने नावे, बँक खाते २८,२४४ ने जमा. परतफेडीचे वेळापत्रक संस्थेकडून मागून घ्यावे आणि त्याची प्रत प्रमाणकांच्या धारिकेत लावावी. अंदाजाने फोड करू नये.

येथेच एक सावधगिरी सांगायला हवी. काही कर्जांत व्याज मूळ रकमेवर सरळ आकारतात. ६,००,००० वर दरसाल साडेसहा टक्क्यांनी दोन वर्षांचे व्याज ७८,००० होते आणि मासिक हप्ता २८,२५० येतो, म्हणजे आपल्या हप्त्यापेक्षा केवळ ६ ने जास्त. सरळ आकारलेले साडेसहा टक्के आणि घटत्या बाकीवरचे बारा टक्के ही जवळजवळ एकच किंमत आहे. अशा कर्जातही एकूण व्याज २४ ने भागून दरमहा समान खर्च टाकणे बरोबर नाही. सुरुवातीला जास्त पैसा वापरात असतो, म्हणून सुरुवातीला जास्त व्याज पडायला हवे. आधी घटत्या बाकीवरचा दर काढावा आणि त्यावरून फोड करावी.

आपल्या वहीतील दुरुस्ती आता सोपी आहे. ‘कर्ज हप्ता’ या खर्च खात्यावर तीन हप्त्यांचे ८४,७३२ नावे पडले आहेत. त्यातील मुद्दल ६७,४०१ आणि व्याज १७,३३१. म्हणून कर्ज खाते ६७,४०१ ने नावे, व्याज खाते १७,३३१ ने नावे आणि ‘कर्ज हप्ता’ खाते ८४,७३२ ने जमा करून ते खाते बंद करावे. दुसऱ्या नोंदीने शुल्काचे खाते १२,००० ने नावे आणि कर्ज खाते १२,००० ने जमा करावे. मग कर्ज खात्याची बाकी ५,८८,००० अधिक १२,००० वजा ६७,४०१, म्हणजे ५,३२,५९९ होते, आणि ती उताऱ्याशी जुळते. तीन महिन्यांच्या शुल्काचे १,५०० शुल्काच्या खात्यातून खर्चात न्यावेत. जुन्या नोंदी खोडू नयेत. दुरुस्तीच्या नोंदीखाली कारण स्पष्ट लिहावे, म्हणजे पुढे तपासणाऱ्याला माग लागतो.

वर्षअखेरीची आणखी एक नोंद बाकी राहते. हप्ता दर महिन्याच्या १० तारखेला जातो आणि वर्ष ३१ तारखेला संपते असे धरले, तर शेवटच्या हप्त्यानंतरचे २१ दिवस पैसा वापरला, पण त्याचे व्याज अजून भरलेले नाही. ५,३२,५९९ वर १२ टक्क्यांनी २१ दिवसांचे व्याज ३,६७७ होते. व्याज खाते नावे आणि अदत्त व्याज खाते जमा अशी नोंद करावी, आणि नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी ती उलटवावी, म्हणजे १० तारखेचा हप्ता नेहमीप्रमाणे लिहिता येतो आणि व्याज दोनदा धरले जात नाही. या सर्व दुरुस्त्यांनंतर वर्षाचा कर्जखर्च १७,३३१, १,५०० आणि ३,६७७ मिळून २२,५०८ होतो. आपण ८४,७३२ खर्च दाखवला होता, म्हणजे नफा ६२,२२४ ने कमी दिसत होता.

ताळेबंदात कर्जाचे दोन भाग करावेत. पुढील १२ महिन्यांत फेडायचे मुद्दल सुमारे २,९०,७०० आहे, ते चालू देण्यांत जाते. उरलेले सुमारे २,४१,९०० दीर्घ मुदतीच्या देण्यांत. पुढील वर्षाचे व्याज यात धरू नये, कारण ते अजून देणे झालेले नाही.

ओव्हरड्राफ्टचा, म्हणजे खात्यातील शिल्लकीपेक्षा जास्त रक्कम ठरलेल्या मर्यादेपर्यंत काढण्याच्या सोयीचा, हिशेब वेगळा असतो. तिथे मंजूर मर्यादेवर व्याज पडत नाही, रोजच्या वापरलेल्या रकमेवर पडते आणि बँक ते महिन्याच्या किंवा तिमाहीच्या शेवटी खात्यातून वळते करून घेते. ही रक्कम वहीत आपोआप येत नाही, म्हणून बँक जुळवणी पत्रक, म्हणजे आपली वही आणि बँकेचा उतारा ताडून पाहण्याचा तक्ता, दरमहा करणे अत्यावश्यक आहे. उताऱ्यातील नावे आणि जमा हे बँकेच्या वहीतले असतात, त्यामुळे आपल्या वहीत ते उलट दिसतात. नवीन माणसाला हे एकदा नीट समजावून सांगावे. मर्यादा ओलांडल्याबद्दलचे दंडव्याज मी वेगळ्या खात्यात ठेवतो, कारण ते टाळता येण्यासारखे असते आणि मालकाला ते दिसले पाहिजे.

हुंडी, म्हणजे ठरलेल्या तारखेला पैसे देण्याचा लेखी दस्तऐवज, वटवतानाही, म्हणजे मुदतीआधी बँकेकडून तिचे पैसे घेतानाही, कर्जाचाच खर्च होतो. तीन महिन्यांनी येणे असलेली ५०,००० ची हुंडी बँकेने १२ टक्क्यांनी वटवली, तर १,५०० कापून ४८,५०० मिळतात. बँक खाते ४८,५०० ने नावे, वटाव (बँकेने कापलेली रक्कम) खाते १,५०० ने नावे आणि येणे हुंडी खाते ५०,००० ने जमा, ही प्राथमिक पुस्तकांतील नोंद आहे. पण मूळ ऋणकोने, म्हणजे पैसे देणे लागणाऱ्याने, पैसे न दिल्यास बँक आपल्याकडून वसूल करणार असेल, तर धोका अजून आपलाच आहे. साध्या हिशेबात ते संभाव्य देणे म्हणून टिपेत लिहितात. आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे अशी हुंडी वहीतून काढतच नाहीत आणि मिळालेले पैसे कर्ज म्हणून दाखवतात. वटाव कालावधी वर्षअखेरीच्या पलीकडे जात असेल, तर तेवढा भाग पूर्वदत्त, म्हणजे पुढील वर्षासाठी आधीच दिलेला, खर्च ठरतो.

मालकाच्या किंवा भागीदारांच्या भांडवलावर दिलेले व्याज मात्र या गटात येत नाही. भागीदारीत ते नफ्याचे वाटप असते आणि नफा-तोटा वाटप खात्यात जाते.

कर्जाचा खर्च मालमत्तेच्या किमतीत केव्हा मिळवावा, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण यंत्रासाठी किंवा बांधकामासाठी कर्ज घेणाऱ्या प्रत्येकापुढे तो येतो. आंतरराष्ट्रीय लेखा मानक २३ याच विषयावर आहे. पूर्वी त्यात सर्व व्याज लगेच खर्चात टाकण्याचा पर्याय होता. २००७ च्या सुधारणेने तो काढला आणि ही सुधारणा १ जानेवारी २००९ पासून लागू झाली. जी मालमत्ता वापरण्यायोग्य व्हायला बराच काळ लागतो, तिच्या उभारणीच्या काळातील व्याज तिच्या किमतीचा भाग मानले जाते. खर्च होऊ लागला आहे, व्याज चढू लागले आहे आणि काम सुरू आहे, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की हे मिळवणे सुरू होते. काम दीर्घकाळ बंद पडले तर ते थांबते, आणि मालमत्ता जवळजवळ तयार झाली की संपते, मग तिचा वापर सुरू झाला असो वा नसो.

उदाहरणार्थ, कार्यशाळेच्या इमारतीसाठी १०,००,००० चे कर्ज १२ टक्क्यांनी वर्षाच्या पहिल्या दिवशी घेतले, त्याच दिवशी काम सुरू झाले आणि ते आठ महिने चालले. आठ महिन्यांचे व्याज ८०,००० झाले. दरम्यान न वापरलेली रक्कम ठेवीत ठेवून १४,००० मिळाले. इमारतीच्या किमतीत ६६,००० मिळवायचे, कारण ठेवीचे उत्पन्न व्याजातून वजा होते. उरलेल्या चार महिन्यांचे ४०,००० सरळ खर्चात टाकायचे. तयार यंत्र विकत घेऊन आठवड्याभरात बसवले असेल, तर वाहतूक आणि बसवण्याचा खर्च त्याच्या किमतीत जातो, पण कर्जाचे व्याज जात नाही. लघु व मध्यम संस्थांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात, त्याच्या विभाग २५ मध्ये, कर्जाचा सर्व खर्च त्या त्या काळाच्या नफा-तोट्यातच घ्यायला सांगितले आहे. छोट्या व्यवसायासाठी मला हीच पद्धत अधिक योग्य वाटते, कारण व्याज मालमत्तेत मिळवण्याची मुभा मिळाली की चालू वर्षाचा नफा चांगला दिसावा म्हणून ‘काम अजून पूर्ण झालेले नाही’ असे म्हणत राहण्याचा मोह फार प्रबळ असतो.

शेवटचा मुद्दा मुदतपूर्व परतफेडीचा. आपण हे कर्ज दहाव्या हप्त्यानंतर एकरकमी फेडले, तर शुल्काच्या खात्यावर १४ महिन्यांचे ७,००० शिल्लक असतील. ज्या कर्जासाठी ते दिले होते तेच संपल्यामुळे ही संपूर्ण रक्कम त्याच महिन्यात खर्चात घ्यावी लागेल, आणि संस्थेने मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क आकारले तर तेही त्याच काळाच्या कर्जखर्चात नोंदवावे लागेल.